कूगरच्या मुलखात पहिल्यांदा ट्रेलवर जाताना: तयारीपासून परत येईपर्यंत

सिअॅटल, व्हँकुव्हर, डेन्व्हर किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात राहायला आलं की पहिला महिना घर, लायसन्स आणि गाडीत जातो. दुसऱ्या महिन्यात कुणीतरी विचारतं, ‘शनिवारी ट्रेलला येताय का?’ ट्रेल म्हणजे पायी फिरायची आखलेली डोंगरवाट. तिथल्या पार्किंगमध्ये एक पाटी असते. हा माउंटन लायनचा मुलूख आहे असं तीवर लिहिलेलं असतं, खाली पाच-सहा सूचना असतात. पाटीशेजारी फोटो काढला जातो आणि सूचना कुणीच वाचत नाही.

माउंटन लायन, कूगर आणि प्यूमा ही मांजर कुळातल्या एकाच मोठ्या प्राण्याची नावं. कॅलिफोर्निया-कोलोरॅडोत त्याला माउंटन लायन म्हणतात, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियात कूगर, फ्लोरिडात पँथर. नावात सिंह असला तरी त्याला डरकाळी फोडता येत नाही. तो मांजरासारखा गुरगुरतो, शीळ घातल्यासारखा आवाज काढतो आणि माजाच्या दिवसांत मादी अशी किंचाळते की कुणी बाई संकटात आहे असं वाटावं.

घाबरून घरी बसण्याइतका हा धोका मोठा नाही. कॅलिफोर्नियात जानेवारी २००४ नंतर कूगरच्या हल्ल्यात माणूस दगावला तो थेट मार्च २०२४ मध्ये. वॉशिंग्टन राज्यात १९२४ नंतरचा पुढचा मृत्यू २०१८ चा. ट्रेलपर्यंत नेणारा हायवे याहून कितीतरी घातक आहे. पण हल्ला झालाच तर पहिल्या काही सेकंदांत तुम्ही काय करता यावर पुढचं बरंचसं ठरतं, आणि विचार करायला तेव्हा वेळ नसतो. म्हणून तो आधीच करून ठेवायचा.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कूगरचं मुख्य अन्न म्हणजे हरीण. हरीण मान खाली घालून चरतं, पाठ फिरवतं आणि चाहूल लागली की पळत सुटतं. वाकणं, पाठ करणं, पळणं: या तीन गोष्टी टाळायच्या. उसाच्या फडात खाली बसून काम करणाऱ्या माणसावर बिबट्या का झेपावतो, हे जुन्नर-नारायणगावकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. तत्त्व तेच. फरक इतकाच की बिबट्या माणसाच्या वस्तीत सहज वावरतो, कूगर माणसाला जमेल तितकं टाळतो.

१. आधी प्राणी ओळखायला शिका

‘कूगर दिसला’ म्हणून येणाऱ्या फोटोंतले बरेच बॉबकॅटचे (आखूड शेपटीच्या लहान रानमांजराचे) असतात, काही तर शेजारच्या पिवळ्या मांजराचे. शेपूट बघा. कूगरची शेपूट लांब आणि जाड, पार जमिनीपर्यंत येणारी, टोकाला काळपट. एकूण लांबीचा सुमारे तिसरा हिस्सा ती एकटीच असते. बॉबकॅटची शेपूट वीतभरही नसते आणि तो साधारण ७ ते १४ किलोंचा असतो. कूगरची मादी ३५ ते ५० किलोंची, नर ५० ते ७० किंवा थोडा जास्त. अंग एकरंगी, फिकट तपकिरी. ठिपके असतील तर ते पिल्लू आहे आणि आई जवळपास आहे, असंच धरून चाला. काळा कूगर पाहिल्याचं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तसा कूगर आजवर कुठे नोंदलेला नाही.

ओल्या मातीतला ठसाही ओळखता येतो. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, कूगरची नखं आत ओढलेली असल्याने उमटत नाहीत. ठशाची रुंदी साधारण ८ ते ९ सेंटिमीटर, आणि टाचेच्या गादीला मागच्या बाजूने तीन गोलाई. शेजारी बूट ठेवून फोटो काढा, म्हणजे नंतर आकाराचा अंदाज येतो.

२. वेळ आणि जागा ठरवा

कूगर पहाटे, संध्याकाळी आणि रात्री जास्त हिंडतो, कारण हरणंही तेव्हाच बाहेर पडतात. म्हणून सूर्य उगवल्यावर निघा आणि मावळायच्या तासभर आधी गाडीशी या. नवे लोक इथेच फसतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आणि शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर उजेडात केलेला फेरफटका सोमवारी त्याच वेळी अंधारात येतो. डिसेंबरात सिअॅटलला साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. निघायच्या आधी त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ फोनवर बघायची, अंदाजाने जायचं नाही.

त्या पार्कचं संकेतस्थळही आदल्या रात्री उघडून पाहा. कूगर लागोपाठ दिसला किंवा कुणाच्या अंगावर आला तर ट्रेल काही दिवस बंद ठेवतात. ‘इतक्या लांब आलोच आहोत’ म्हणून बंद ट्रेलच्या दोरीखालून जाऊ नका. वसंत ऋतूतल्या हरणांच्या पाडसांच्या मोसमात आणि हिवाळ्यात बर्फामुळे हरणं खाली उतरतात तेव्हा कूगरही त्यांच्यामागे येतो.

वस्तीला लागून असलेली जागा म्हणजे सुरक्षित, हाही एक गैरसमज. क्यूपर्टिनोतल्या फ्रीमाँट ओल्डर या राखीव डोंगरात फेब्रुवारी २०२० मध्ये सहा वर्षांच्या मुलीवर कूगर आला होता. सोबत मोठी माणसं होती. त्यांच्यातल्या एकाने त्याला ढकलून हुसकावलं आणि मुलगी किरकोळ जखमांवर वाचली. सिलिकॉन व्हॅलीतली कित्येक ऑफिसं तिथून गाडीने वीस मिनिटांच्या आत आहेत.

३. सोबत काय घ्यायचं

– बेअर स्प्रे, कमरेच्या किंवा छातीच्या होल्स्टरमध्ये
– ट्रेकिंग पोल किंवा भक्कम काठी
– शिट्टी आणि हेडलॅम्प
– ऑफलाइन नकाशा, पूर्ण चार्ज केलेला फोन (आयफोन १४ किंवा पुढचा असेल तर रेंज नसतानाही सॅटेलाइटवरून मदत मागता येते, ते कसं करायचं हे घरी असतानाच पाहून ठेवा)
– प्रथमोपचाराची पेटी: निर्जंतुक गॉज, चिकटपट्टी, दाब देण्याजोगी रुंद पट्टी, पाण्याची जास्तीची बाटली
– ओळखपत्र आणि आरोग्य विम्याचं कार्ड. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर त्यांच्या प्रवास विम्याची पॉलिसी आणि औषधांची यादी
– पार्किंगचा पास किंवा परमिट

याशिवाय घरी राहिलेल्या कुणाला तरी चार गोष्टी मेसेज करा: ट्रेलचं नाव, गाडी कुठे लावली, किती जण आणि किती वाजेपर्यंत परत. ‘हाइकला चाललोय’ एवढ्या मेसेजवरून शोधपथकाला काहीच कळत नाही.

बेअर स्प्रेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. नाव अस्वलाचं असलं तरी कूगरवरही तो चालतो. त्यात तिखटाचा तीव्र अर्क दाबाने भरलेला असतो. डब्यावर २२५ ग्रॅम किंवा जास्त वजन आणि बेअर स्प्रे हे शब्द आहेत का ते बघा. पर्समध्ये ठेवायचा छोटा पेपर स्प्रे इथे कामाचा नाही, आणि माणसांवर वापरायचा तसला स्प्रे कॅनडात बाळगणंच बेकायदा आहे. फवारा साधारण ८ ते १० मीटर जातो आणि अख्खा डबा सात-आठ सेकंदांत संपतो. म्हणून एका वेळी दोन सेकंद दाबा. नेम प्राण्याच्या डोक्यावरून नको. किंचित खाली, त्याच्या समोर ढग तयार होईल असा धरा. वारा तुमच्या तोंडावर असेल तर प्राणी आणखी जवळ येऊ द्यावा लागतो.

सॅकच्या तळाशी ठेवलेला डबा घरी ठेवल्यासारखाच. होल्स्टरमधून काढणं, अंगठ्याने क्लिप मागे सरकवणं आणि नेम धरणं, याचा घरी दहा-बारा वेळा सराव करा. त्यासाठी पाण्याचे सरावाचे डबेही मिळतात. हा ओडोमॉस नाही. अंगाला, कपड्यांना किंवा तंबूला आधीच फवारून ठेवायचा नसतो; तसं करणारे महाभाग दर मोसमात निघतात आणि दोन तास डोळे धूत बसतात. विमानात तो हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. उन्हात बंद गाडीत ठेवला तर फुटू शकतो. डब्यावर मुदतीची तारीख असते, ती तपासा. योसेमिटी नॅशनल पार्कात बेअर स्प्रे न्यायलाच बंदी आहे. इतर पार्कांत काय चालतं हे जाण्याआधी रेंजरला (पार्कच्या वनरक्षकाला) विचारा.

४. चालताना

एकट्याने जाऊ नका, आणि ग्रुप असला तर ग्रुपसारखं चाला. अर्धे लोक पुढे गेलेत, दोन जण फोटो काढत मागे राहिलेत आणि मधे मुलं पळतायत, हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य. एक मोठा माणूस पुढे, एक शेवटी आणि मुलं मधे, हाताच्या अंतरावर. कूगरच्या हल्ल्यांत मुलांचं प्रमाण जास्त असतं: उंची कमी, आवाज चिरका, हालचाल धावती. वळणापुढे मुलांना एकटं धावू देऊ नका. लपाछपी तर नाहीच.

गप्पा मारत चाला. सांताक्रूझच्या डोंगरात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कूगर शिकारीवर येऊन खात असताना कधी माणसांच्या बोलण्याचं, कधी बेडकांच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग लावलं होतं. माणसांचा आवाज ऐकून बहुतेक वेळा कूगर खाणं टाकून निघून गेले, बेडकांकडे त्यांनी जवळजवळ दुर्लक्ष केलं. तेव्हा ब्लूटूथ स्पीकरची आणि सॅकला बांधायच्या घंटीची गरज नाही. चार मराठी माणसं एकत्र चालत असली की पुरतं. हेडफोन मात्र काढून ठेवा.

कुत्रा आखूड पट्ट्यावर. मोकळा सोडलेला कुत्रा कूगरला शोधून काढतो, आणि मग घाबरून मालकाकडेच पळत येतो. मागोमाग कोण येतं ते उघड आहे.

वाटेत पानं, काड्या आणि माती ओढून झाकलेलं अर्धवट खाल्लेलं हरीण दिसलं, तर ती कूगरची राखून ठेवलेली शिकार. तो बहुधा जवळच असतो. फोटो काढायला थांबू नका, वास कुठून येतोय हे शोधायलाही जाऊ नका. आल्या वाटेने, आवाज करत, सगळे मिळून मागे फिरा.

पळणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना आणखी एक धोका असतो. वेगाने लांब जाणारी वस्तू दिसली की मांजर कुळातल्या प्राण्याला पाठलागाचा मोह होतो. आंधळ्या वळणावर वेग कमी करा. बुटाची लेस बांधायला किंवा पाणी भरायला बसायचं असेल तर आधी मागे एकदा बघा आणि पाठीशी मोठा खडक किंवा झाड घ्या.

५. समोर दिसला तर

लांबच्या उतारावर आपल्या वाटेने चाललेला दिसला तर नशीबवान आहात. कित्येक रेंजरांना वर्षानुवर्षं दिसत नाही. थांबा, सगळ्यांना एकत्र घ्या, तो जाईपर्यंत बघा. जवळ जायचं नाही.

हाकेच्या अंतरावर असेल आणि तुमच्याकडे बघत असेल, तर या क्रमाने:

थांबा आणि तोंड त्याच्याकडे करा. नजर हटवू नका. अस्वलाच्या डोळ्यांत बघू नये, असं तुम्ही कुठेतरी वाचलेलं असेल. ते बरोबर आहे, पण अस्वलापुरतं. कूगर मागून, दबा धरून मारणारा प्राणी आहे. आपल्याला पाहिलं गेलंय हे त्याला कळलं की त्याचा निम्मा डाव संपतो.

मुलांना उचला, पण कंबरेत वाकून नाही. गुडघ्यांत बसा, पाठ ताठ, डोळे समोर, एका हाताने मुलाला कुशीत ओढा आणि उठा. हे घरी एकदा करून पाहा. नजर समोर ठेवून खालचं मूल उचलणं वाटतं तितकं सोपं नाही. थोडं मोठं मूल असेल तर त्याला पाठीमागे घेऊन तुमचा शर्ट घट्ट धरायला सांगा.

मोठे दिसा. जॅकेटची चेन उघडून दोन्ही कडा वर पसरा. ओढणी किंवा पंचा असेल तर दोन्ही टोकं धरून डोक्यावर ताणा. ग्रुपमध्ये असाल तर खांद्याला खांदा लावून उभे राहा.

आवाज खालच्या पट्टीतला, ठाम. किंचाळू नका, चिरका आवाज घाबरलेल्या जनावराचा वाटतो. शेतात शिरलेलं ढोर हाकलताना जो ‘हट्! चल, नीघ!’ निघतो, तोच पाहिजे. इंग्रजीत ओरडायची गरज नाही.

मग पाऊल-पाऊल मागे सरका, त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवून. तोवर एक हात स्प्रेवर. तो जागचा हलत नसेल किंवा जवळ येत असेल तर मागे सरकणं थांबवा आणि हातातली काठी, बाटली, आवाक्यातला दगड फेका. दगड उचलायलाही तोच नियम: गुडघ्यांत बसा, मान वर. पहिला दगड त्याच्या समोर, दुसरा अंगावर.

त्याच्या देहबोलीत दोन प्रकार असतात, आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. कान मागे चपटे, दात दाखवून फिसकारणं, पुढचे पाय आपटत दोन-चार उड्या मारून थांबणं: हा हाकलण्याचा प्रकार आहे. पिल्लं किंवा शिकार जवळ आहे, तुम्ही जावं एवढंच त्याला हवं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये यूटातल्या प्रोव्हो शहराजवळ एक तरुण ट्रेलवरच्या पिल्लांचं चित्रीकरण करायला थांबला आणि आई त्याच्यामागे सुमारे सहा मिनिटं फिसकारत, उड्या घेत आली. तो पळाला नाही. ओरडत मागे मागे सरकत राहिला, शेवटी दगड मारला आणि ती फिरली. मागे सरकणं बरोबर होतं. थांबून चित्रीकरण करणं ही पहिली चूक.

दुसरा प्रकार गप्प असतो. पोट जमिनीला टेकलेलं, कान उभे आणि पुढे, नजर खिळलेली, शेपटीचं टोक तेवढं हलतंय, किंवा झाडाआडून झाडाआड येत अंतर कमी करतोय. हा मागावर आहे. इथे नुसतं मागे सरकत राहू नका. तुम्हीच अंगावर जाल असं वागा: ओरडा, पाय आपटा, दगड मारा, आवाक्यात आला की स्प्रे.

पळणं आणि एकमेकांपासून फुटणं कुठल्याही परिस्थितीत नाही. मे २०१८ मध्ये वॉशिंग्टनमधल्या नॉर्थ बेंडजवळ दोन सायकलस्वारांनी ओरडून, सायकल मारून कूगरला एकदा पळवलं होतं. तो परत आला आणि एकावर झेपावला. दुसरा सायकल टाकून पळाला, तेव्हा कूगरने पहिल्याला सोडून पळणाऱ्याला गाठलं. त्यात पळणाऱ्याचा जीव गेला. यावरून दोन गोष्टी घ्या: हाकललेला कूगर परत येऊ शकतो, आणि गाडीशी पोचेपर्यंत पाठीमागचा पहारा सोडायचा नाही. सायकल असेल तर उतरून ती आडवी, ढालीसारखी मधे धरा.

६. अंगावर आलाच तर

मेल्याचं सोंग घेऊ नका. ती सूचना काही परिस्थितीत ग्रिझली अस्वलासाठी असते. कूगरपुढे तसं पडलात तर त्याचं काम सोपं होतं.

तो मानगूट किंवा डोकं धरायला बघतो. सॅक पाठीवरच राहू द्या, मानेवर तेवढंच कवच. हनुवटी छातीशी, एक हात मानेवर, पाय रोवून उभं राहायचा प्रयत्न. पडलात तर लगेच उठा. मारायचं ते डोळ्यांवर आणि नाकावर: दगड, पोलचं टोक, चाकू, बूट, जे हातात असेल ते. बाकीच्यांनी मदत आणायला पळत जाण्याऐवजी तिथेच कूगरवर तुटून पडायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या फॉल सिटीजवळ पाच सायकलस्वार बायकांपैकी एकीचा जबडा कूगरने धरला. बाकीच्यांनी दगड, काठ्या आणि एका छोट्या चाकूने त्याला मारलं. सुमारे पंधरा मिनिटांनी त्याने तिला सोडलं, तेव्हा अधिकारी येईपर्यंत त्याला सायकलखाली दाबून धरलं. ती वाचली.

७. नंतर

रक्त वाहत असेल तर आधी दाब द्या, ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. जखम लहान असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. मांजराच्या सुळ्याचं भोक वरून बारीक दिसतं, पण आत खोल जातं आणि लवकर पिकतं. ‘ओरखडाच आहे’ म्हणून घरी हळद लावून बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन प्रतिजैविक, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजच्या लसीबद्दल विचारा. फाटलेले कपडे धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवून वन्यजीव अधिकाऱ्यांना द्या. त्यावरच्या लाळेतल्या डीएनएवरून नेमका कोणता कूगर होता हे ठरतं, आणि भलताच मारला जात नाही.

जखम नसली तरी तो जवळ आला किंवा मागे आला असेल तर कळवा: जागा, वेळ, कुठल्या दिशेला गेला, किती जवळ होता, सोबत पिल्लं किंवा कुत्रा होता का. अमेरिकेत त्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडे, ब्रिटिश कोलंबियात १-८७७-९५२-७२७७ वर. तक्रार केल्यास तुमचा व्हिसा तपासतील, परमिट मागतील, ही भीती काढून टाका. त्यांना प्राण्याची माहिती हवी असते.

८. घर डोंगराला लागून असेल तर

अंगणात हरणांना खाऊ घालू नका. कितीही गोड दिसली तरी. ती आली की मागून दुसरं कुणीतरी येतं. कुत्र्या-मांजराचं खाणं रात्री बाहेर नको, आणि अंधार पडल्यावर त्यांना घरात घ्या. कोंबड्या पाळल्या असतील तर खुराड्याला वरूनही जाळी हवी. मागच्या दाराशी हालचालीवर लागणारा दिवा बसवा आणि कुंपणालगतची दाट झुडपं छाटा.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांच्याशी एकदा नीट बोला. साडेपाचला उठून चालायला जाण्याची सवय पुण्या-नाशकात चांगली. इथे ती वेळ चुकीची आहे. त्यांना आठनंतरची वेळ आणि रस्त्याकडची बाजू ठरवून द्या, हातात काठी आणि गळ्यात शिट्टी द्या, आणि पाटीवरच्या सूचना मराठीत कागदावर लिहून फ्रिजला लावा. कागद लावून झाला की त्यांच्याकडून एकदा जॅकेट पसरून ‘हट्!’ म्हणवून घ्या. सगळे हसतील, पण लक्षात राहील.